कमीत कमी हात लावून: एका जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं एक शिक्षकाचं घर. गुरुजी आता हयात नाहीत. आई पंच्याऐंशीच्या घरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नजर अधूच. मुलगी जवळच्याच गावात दिलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. ओळख पटू नये म्हणून नावं, गाव आणि रेडिओची कंपनी इथे दिलेली नाही. बाकी सारं घडलं तसं आहे.

रेडिओ लाकडी खोक्याचा, टेबलावर ठेवायचा, चार मोठ्या सेलवर चालणारा. मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह असे दोन बँड. मागच्या पुठ्ठ्याच्या आत पोस्टाची रेडिओ लायसन्सची पुस्तिका खोचलेली होती. त्या काळी रेडिओ बाळगायला लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागायची. १९८०च्या दशकात ते रद्द झालं. या पुस्तिकेतली पहिली नोंद १९६८ सालची, म्हणजे रेडिओ त्याच सुमाराचा किंवा थोडा आधीचा. आतले सगळे ट्रान्झिस्टर जर्मेनिअमचे. आपल्याकडे तेव्हा तेच चालत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही ते बनत असत.

मुलगी रेडिओ दुरुस्तीसाठी माझ्याकडे घेऊन आली तेव्हा मागणी एवढीच होती: "आईला सकाळच्या बातम्या लागल्या पाहिजेत." पुणे केंद्राच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या आणि जमलं तर गाणी. मुलाचं म्हणणं वेगळं होतं. त्याने फोनवर सांगितलं, "काका, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवा. बाहेरून जुना, आतून नवा. आईला मी मोबाइलवरून लावून देईन."

दुरुस्तीच्या भाषेत हा तांत्रिक प्रश्न नव्हता, तरी पुढची प्रत्येक गोष्ट यावर अवलंबून होती. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी आईंशी बोलणं झालं. त्यांचं उत्तर सरळ होतं: "मोबाइलवरनं लावायला तो इथं असतो का? मला बटण फिरवलं की लागलं पाहिजे."

रेडिओ कुणी वापरायचा आणि कसा, हे इथे ठरलं. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली. खोक्याच्या माथ्यावर चहाच्या पेल्याचा गोल डाग होता. मुलाला नवं पॉलिश हवं होतं. मुलगी म्हणाली, "तो बाबांच्या पेल्याचा आहे, तो तसाच राहू दे." डाग राहिला.

अडचण

संच बरीच वर्षं कपाटावर पडून होता. तपासणी सुरू करताना सेल घालून बटण फिरवायचं नाही, हा साधा नियम पाळला. आधी नुसतं बघायचं.

सेलच्या कप्प्यात जुने सेल फुटून पाणी झालेलं, स्प्रिंगवर हिरवट-पांढरं बुरशीसारखं थर. काळ्या वायरीच्या आवरणाखालीही ते चढलेलं. वायर बाहेरून धड दिसत होती, आत तांबं काळं पडून ठिसूळ झालं होतं. डायलचा काटा एका बाजूला सरकलेला. आवाजाचं बटण फिरवताना घासल्यासारखं लागत होतं. मागे कुणीतरी बॅटरी एलिमिनेटरसाठी, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणाऱ्या अॅडॉप्टरसाठी, भोक पाडून ठेवलं होतं. आयएफटीचे, म्हणजे हवं ते केंद्र गाळून घेणाऱ्या छोट्या चौकोनी डब्यांतल्या कॉइलचे गाभे मात्र मेणाने बंद होते, कुणी छेडलेले नव्हते. जुन्या रेडिओत ही फार मोठी शिल्लक असते.

कप्पा साफ करून, काळी वायर बदलून, मर्यादित करंट देणाऱ्या सप्लायवरून सहा व्होल्ट दिले. असे संच आवाज बारीक असताना साधारण दहा-पंधरा मिलिअँपिअर घेतात. याने त्याच्या दुपटीच्या आसपास घेतले, आणि आवाज वाढवला की स्पीकरमधून "पक् पक् पक्" असा, मोटरबोट लांबून जावी तसा आवाज. केंद्र एकही नाही, खरखरसुद्धा नाही.

म्हणजे दोष एक नव्हता. ध्वनीच्या बाजूला एक, रेडिओच्या बाजूला निदान एक, आणि डायलचा तिसरा.

तोललेले पर्याय

ब्लूटूथचं किट. वेळ सर्वांत कमी लागला असता. बाजारात असे किट सहज मिळतात, आणि जुन्या खोक्यात ते बसवून विकणारेही आहेत. पण आईंच्या वापराला ते गैरसोयीचं, आणि एकदा आतला सर्किटचा पट्टा, गँग (बटणाने फिरणारा, केंद्र लावणारा कंडेन्सर) आणि आयएफटी काढून फेकली की परतीचा रस्ता बंद.

नुसतं स्वच्छ करून शोकेसमध्ये ठेवणं. मुलीने हा पर्याय स्वतःच बाद केला.

सगळे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे घालणं. सुटे भाग कुठेही मिळतात, गळती कमी, आयुष्य जास्त. पण जर्मेनिअमच्या ट्रान्झिस्टरला बेसवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, दशांश-दोन दशांश व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला सहा दशांशाच्या आसपास लागतात. म्हणजे ट्रान्झिस्टर बदलला की त्याच्या भोवतीचे रेझिस्टन्सही बदलावे लागतात, आणि बघता बघता सगळी सर्किट नवी होते.

चौथा पर्याय, जो घेतला: दोष शोधून तेवढाच दूर करायचा, जे काढू ते जपून ठेवायचं, आणि जे करू ते उद्या कुणालाही उलटं फिरवता येईल असं करायचं. याची किंमत वेळेत मोजावी लागते. ती मोजावी असं मला ठामपणे वाटतं, कारण असा न छेडलेला संच आता सहज हाती येत नाही. एकदा आयएफटीचे गाभे कुणी अंदाजाने फिरवले की ते पुन्हा जागेवर आणायला सिग्नल जनरेटर, म्हणजे चाचणीच्या लहरी देणारं यंत्र, आणि बराच सराव लागतो.

काय केलं: कप्पा आणि कंडेन्सर

साध्या सेलमधून गळतं ते आम्लधर्मी असतं, म्हणून खाण्याच्या सोड्याचं पाणी कापसाने लावून ते निष्प्रभ केलं, मग साध्या पाण्याचा ओला बोळा, मग पूर्ण वाळवण. गळलेले सेल अल्कलाइन असते तर उलटं, व्हिनेगर लागलं असतं. स्प्रिंग बदलल्या नाहीत. बारीक पॉलिश पेपरने घासून त्या चालण्याजोग्या झाल्या.

"पक् पक्" हा आवाज जुन्या रेडिओचा ओळखीचा आजार. सप्लायवरचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, आत वाळला की शेवटच्या भागातले करंटचे धक्के सुरुवातीच्या भागापर्यंत पोचतात आणि सारं सर्किट स्वतःशीच हेलकावे खातं. खात्री करायला जुना न काढता त्याच्यावरच नवा कंडेन्सर समांतर धरला. आवाज तत्काळ थांबला.

इथे पहिला खरा निर्णय आला. एकच बदलायचा की सगळे? "कमीत कमी" म्हणायचं तर एकच. पण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतातच. एकाच वयाचे, एकाच डब्यात उन्हाळे काढलेले. आज तीन बरे निघाले तरी ते पुढच्या वर्षी पुन्हा खोकं उघडायला लावणार. म्हणून इलेक्ट्रोलिटिक सगळे बदलले. सिरॅमिक आणि इतर एकालाही हात लावला नाही, कारण त्यांच्यात दोष दिसला नव्हता. काढलेले कंडेन्सर त्यांची मूल्यं लिहून एका कागदी पाकिटात ठेवले.

एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी. या काळातल्या पीएनपी जातीच्या ट्रान्झिस्टरच्या रेडिओत अर्थ, म्हणजे साऱ्या सर्किटची समाईक तार, सेलच्या धन टोकाला असते. आजची सवय नेमकी उलटी आहे. सवयीने कंडेन्सरचं ऋण टोक अर्थला जोडलं तर तो उलटा बसतो आणि तापतो. त्यामुळे प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, आणि जोडताना मीटरने दिशा पडताळणं.

सोल्डर करतानाही जपावं लागतं. जर्मेनिअमच्या ट्रान्झिस्टरला आतलं तापमान ७५ ते ९० अंशांच्या पुढे सोसत नाही, म्हणून जिथे तार तापवायची तिथे ती पक्कडीने धरून उष्णता मध्येच अडवली.

एवढं झाल्यावर आवाजाच्या कंट्रोलच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला की स्पीकरमधून स्वच्छ गुणगुण यायला लागली. कंट्रोलमधली घासघास कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. म्हणजे ध्वनीची बाजू बरी झाली. केंद्र तरीही एकही नाही.

काय केलं: डब्यातली कथलाची लव

व्होल्टेज मोजत मागे मागे गेलो. पहिल्या आयएफच्या, म्हणजे निवडलेल्या केंद्राची लहर वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या ट्रान्झिस्टरवर, जो एएफ ११७ होता, एमिटर या पायाच्या रेझिस्टन्सवर शून्य व्होल्ट. म्हणजे त्यातून करंटच जात नाही. बेस आणि अर्थ एकाच पातळीवर, म्हणून ट्रान्झिस्टर बंद. तिथला कंडेन्सर शॉर्ट असता तरी असंच दिसलं असतं, पण तो नुकताच बदललेला. सप्लाय काढून बेस आणि ट्रान्झिस्टरच्या चौथ्या पायामध्ये, जो त्याच्या पत्र्याच्या डबीला जोडलेला असतो, मीटर लावलं. जवळजवळ शॉर्ट.

एएफ ११४ ते ११७ या मालिकेचा हा प्रसिद्ध दोष आहे. डबीच्या आतल्या बाजूला कथलाचा मुलामा असतो. त्यातून वर्षानुवर्षं केसाहून बारीक कथलाचे तंतू आपोआप वाढत राहतात आणि एखादा आतल्या तारेला जाऊन टेकतो. वापरला नाही तरी तंतू वाढतोच, म्हणून कपाटात पडून राहिलेले संचही यानेच मुके होतात. ही गोष्ट फक्त जुन्या रेडिओपुरती नाही. १९९८ साली गॅलेक्सी-४ हा संदेशवहन उपग्रह निकामी झाला तेव्हा अमेरिकेतले कोट्यवधी पेजर बंद पडले होते. त्या बिघाडामागेही कथलाचे असेच तंतू होते असं मानलं जातं. गावातल्या एका लाकडी खोक्यात आणि अवकाशात तोच धातू तसाच वागतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

या जागी रस्ते बरेच होते. डबीच्या पायातून कंडेन्सरचा झटका देऊन तंतू जाळून टाकता येतो. पण जळलेल्याच्या शेजारी दुसरा वाढतो, आणि झटका जास्त झाला तर ट्रान्झिस्टर जातो. त्याच क्रमांकाचा जुना न वापरलेला ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला शोधला तर मिळू शकला असता. पण तो नवा म्हटला तरी डबीत तीच लव वाढत बसलेली असणार. पुढच्या एएफ १२४ ते १२७ या मालिकेत ही तक्रार सहसा येत नाही, तो चांगला पर्याय होता. आणि सर्वांत साधा रस्ता म्हणजे डबीचा तो चौथा पाय कापणं. डबी अर्थपासून सुटली की एका तारेला टेकलेला तंतू कुणाचंच बिघडवत नाही.

पाय कापला. कापताना बुंधा थोडा शिल्लक ठेवला, म्हणजे उद्या जोडायचा झाला तर जोडता येईल. सोल्डरिंग आयर्न जवळ न्यावंसुद्धा लागलं नाही. मीटरवरचा शॉर्ट गेला, एमिटरवर व्होल्टेज आलं आणि रात्रीची वेळ असल्यामुळे डायलभर केंद्रंच केंद्रं. रात्री वातावरणाचा लहरी शोषणारा खालचा थर विरतो, म्हणून मीडियम वेव्ह शेकडो किलोमीटर लांबून येते.

एक शंका होती. डबी अर्थला नसली की त्या टप्प्यावर शिट्टी सुटू शकते. मीडियम वेव्हवर संपूर्ण डायल फिरवून ऐकलं, शिट्टी नाही.

मग पुढचा प्रश्न: त्याच मालिकेचे आणखी दोन ट्रान्झिस्टर संचात होते. त्यांचेही पाय आताच कापून टाकावेत का? या प्रश्नावर दुरुस्ती करणाऱ्यांत दोन तट आहेत. आधीच कापावं म्हणणाऱ्यांचं म्हणणं, परत खोकं उघडावं लागत नाही. मी ते केलं नाही. ते दोघं त्या दिवशी नीट चालत होते, आणि तिघांच्याही डब्या एकदम मोकळ्या केल्या तर शिट्टीचा धोका वाढतो. चालत्या भागाला हात न लावण्याचा नियम कंडेन्सरच्या बाबतीत मोडला होता. इथे मोडायला तितकं सबळ कारण नव्हतं.

त्याऐवजी एक कागद लिहिला. कोणता कंडेन्सर बदलला, कोणत्या ट्रान्झिस्टरचा कोणता पाय कापला, ठीक असताना कुठे किती व्होल्ट येतात, आणि "संच पुन्हा मुका झाला तर आधी या दोन ट्रान्झिस्टरचा बेस आणि चौथा पाय तपासा". तो लायसन्सच्या पुस्तिकेशेजारी, जुन्या कंडेन्सरच्या पाकिटासह, मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवला.

काय केलं: डायल

डायलवरचे आकडे मीटरमध्ये होते. पुणे ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ३७९ मीटर. सांगली १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे २४० मीटरला थोडंसं अलीकडे. दोन्ही केंद्रं तेव्हा मीडियम वेव्हवर साताऱ्यात दिवसा लागत होती. काटा दोन्ही ठिकाणी आकड्यापासून सारख्याच अंतराने सरकलेला निघाला.

हा सारखेपणा महत्त्वाचा. डायलच्या दोन भागांत फरक वेगवेगळा असता तर दोष केंद्राची जागा ठरवणाऱ्या ऑसिलेटरच्या कॉइलमध्ये किंवा ट्रिमरमध्ये (स्क्रूने फिरणाऱ्या छोट्या कंडेन्सरमध्ये) शोधावा लागला असता. फरक सारखा, म्हणजे काटा दोऱ्यावर घसरला आहे, इतकंच. मुलगा त्या दिवशी समोर बसलेला होता. त्याने विचारलं, "काका, तो स्क्रू जरा फिरवला तर जुळेल ना?" जुळलं असतं, पण एका टोकाला. दुसरं टोक बिघडलं असतं. काटा दोऱ्यावर सरकवून जागेवर आणला आणि नेलपॉलिशच्या थेंबाने बसवला.

काचेच्या आतल्या बाजूची अक्षरं छापील असतात आणि स्पिरिटने कापसाबरोबर निघून येतात. म्हणून आतून फक्त कोरडा मऊ ब्रश, बाहेरून ओलं फडकं. खोक्यावर जुनं चपड्याचं पॉलिश, त्यामुळे थिनर वर्ज्य; धूळ पुसून मेणाचा पातळ हात दिला, एवढंच.

आईंना आकडे दिसत नाहीत. मुलीने तिच्या पर्समधली लाल टिकली काढून काचेवर ३७९च्या जागी लावली. बोटाला लागते, हवी तेव्हा निघते. सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली दुरुस्ती ती.

परिणाम

माझ्या टेबलावर रेडिओ उत्तम वाजला. घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन: "नुसतीच घरघर येते."

संच बिघडला नव्हता. घरातला मेन स्विच बंद करायला सांगितला, घरघर गेली. म्हणजे गोंगाट घरातला. मग एकेक वस्तू चालू करत गेल्यावर स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब आणि सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर सापडला. या वस्तूंमधलं व्होल्टेज बदलणारं सर्किट अतिशय वेगाने चालू-बंद होतं आणि मीडियम वेव्हवर गोंगाट पसरवतं. १९६८ साली घरात असं काही नव्हतंच.

बल्ब बदलला. रेडिओ खिडकीशी नेला आणि त्याचं तोंड थोडं वळवलं. आतल्या फेराइटच्या कांडीला तिच्या टोकांच्या दिशेने येणारं फारसं ऐकू येत नाही; टोक गोंगाटाकडे केलं की घरघर बरीच दबते. खिडकीच्या फळीवर खडूने दोन रेघा मारून जागा ठरवली. सात-पाचच्या बातम्या स्पष्ट लागू लागल्या. सेल बदलताना मात्र मुलीनेच बदलायचे आणि कुठे लांब जायचं असेल तर काढून ठेवायचे, असं ठरलं. एलिमिनेटर मुद्दाम दिला नाही: आजचे स्वस्त अॅडॉप्टर स्वतःच गोंगाट करतात, आणि या संचाला उलटं कनेक्शन झालं तर ट्रान्झिस्टर जायला वेळ लागत नाही.

भागांचा खर्च काहीशे रुपयांत बसला. वेळ त्याच्या कितीतरी पट गेला.

वेगळं काय करता येईल

असा संच पुन्हा आला तर काम घेण्याआधीच घरी एक छोटा चालू रेडिओ घेऊन जायला सांगेन आणि तो ठरलेल्या जागेवर कसा लागतो ते विचारेन. गोंगाट कळायला दुरुस्ती व्हावी लागत नाही. त्याहूनही मोठा मुद्दा केंद्रांचा. देशभरात मीडियम वेव्हची प्रक्षेपणं एकेक करून बंद होत चालली आहेत. ज्याला रेडिओ ऐकायला हवा आहे त्याला हे आधी सांगितलं पाहिजे. घरातल्या घरात चालणारा अगदी कमी शक्तीचा एएम ट्रान्समीटर मोबाइलला जोडून जुन्या रेडिओवर हवं ते ऐकता येतं, आणि त्यात रेडिओच्या एका तारेलाही हात लागत नाही. मुलाच्या ब्लूटूथच्या हट्टाचं योग्य उत्तर तेच ठरलं असतं. त्याला हवं होतं ते चुकीचं नव्हतं. आतलं सर्किट उपटण्याची गरज नव्हती, इतकंच.

दोन उरलेल्या ट्रान्झिस्टरबद्दलचा निर्णय अजूनही वादाचा आहे हे मान्य करतो. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर संच पुन्हा मुका झाला. मुलीने तो माझ्याकडे आणलाच नाही. तालुक्याच्या गावातल्या एका टीव्ही मेकॅनिककडे नेला. त्याने मागचा पुठ्ठा काढला, कागद वाचला, दुसऱ्या आयएफच्या ट्रान्झिस्टरवर मीटर लावलं आणि तसाच पाय कापला. काम त्याच संध्याकाळी झालं. खाली तारीख घालून त्याने कागदावर आपलीही ओळ लिहिली.

आता उरला मिक्सरचा, म्हणजे केंद्राची लहर आयएफच्या वारंवारितेत बदलणाऱ्या टप्प्याचा एएफ ११५. त्याची डबी मोकळी करणं शॉर्टवेव्हवर त्रासदायक ठरू शकतं, कारण तिथे वारंवारिता जास्त. म्हणून त्याच्यासाठी एएफ १२५चा एक सुटा ट्रान्झिस्टर, पाय कोणत्या क्रमाने बसवायचे त्या चित्रासह, मेकॅनिकच्या हाती पाठवला आहे. तोही आता त्याच पाकिटात आहे.